बसायला जागा

त्या दिवशी सकाळपासून आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं, आणि वारा असा काही सुटला होता की गॅलऱ्यांमधले वाळत घातलेले कपडे कुणीतरी अंगावर चढवल्यासारखे फुगून उभे राहत होते. अशा दिवशी मास्तरांनी खांद्यावरून गालिचा घरी आणला.

मास्तर म्हणजे शिंपी. हयातभर लोकांच्या अंगावर बसेल असं शिवलं, आता मशीन मुलाच्या हवाली केलं होतं, तरी गळ्यातली टेप काही उतरत नव्हती. जुनं घर रस्तारुंदीत गेलं तेव्हा घाईघाईत सामान मिळेल त्याला देऊन टाकलं होतं, आणि त्या घाईत बायकोची खुर्चीही गेली. लग्नानंतर घेतलेली, बुटकी, पाठीला अंमळ कललेली, पाय खाली निमुळते होत बाहेर झुकलेले, नक्षी म्हणून कुठं नाही. खिडकीशी त्या खुर्चीत बसून तिनं जन्मभर त्यांच्या सदऱ्यांची काजं केली होती. खुर्ची गेली त्या दिवशी तिनं पिशवी उचलली आणि बहिणीकडे निघून गेली. नवं घर तिनं डोळ्यांनी पाहिलंदेखील नाही. फोनवर मात्र म्हणाली, "बसायला जागा झाली की सांगा. येते."

मास्तरांना या वाक्यात राग ऐकू आला नाही, काम ऐकू आलं. आणि काम मिळालं की हा माणूस विशीतला होई. एका मोठ्या दुकानातल्या पोरीनं त्यांना समजावलं की काका, तुम्ही सांगताय त्याला मिड-सेंच्युरी मॉडर्न म्हणतात, पन्नास-साठच्या दशकातली घडण, सध्या तीच फॅशन आहे. मास्तर वाटभर हसत आले. जन्मभर आपण फॅशनीत बसलो आणि कुणी सांगितलं नाही! पण तिथल्या खुर्च्या नकली, पाय काठीसारखे सरळ, जणू माप एकाचं आणि कापड दुसऱ्याचं. म्हणून ते जुन्या सामानाच्या बाजारात हिंडू लागले. सरकत्या दारांचं लांबट बुटकं कपाट मिळालं, तीन पायांवरचा दिवा मिळाला, आणि त्या वाऱ्याच्या दिवशी हा मोहरीच्या रंगाचा, कधीच न अंथरलेला गालिचा. खोली हळूहळू अंगावर बसू लागली होती. राहिली होती फक्त खुर्ची.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीजवळ गालिच्यावर चार खळगे दिसले.

कोरा करकरीत गालिचा, त्यावर कुणी पाऊलसुद्धा ठेवलं नव्हतं. मास्तर गुडघ्यावर बसले, तळव्यानं लव चाचपली. वर्षानुवर्षं एकाच जागी वजन राहिल्यावर कापड दबतं तशी दबलेली होती. असेल विणकराची चूक, म्हणून त्यांनी ओलं फडकं अंथरून वाफेची इस्त्री फिरवली. लव झकास उभी राहिली. संध्याकाळी बाजारातून परतले तर खळगे होते तिथंच, आणि जरा जास्तच खोल.

इतर कुणी घाबरला असता. मास्तरांनाही क्षणभर मानेवर गार काहीतरी फिरल्यासारखं वाटलं, पण लगेच दुसरंच सुचलं आणि त्यांनी मांडीवर थाप मारली. पुढचे खळगे एकमेकांपासून दूर, मागचे जवळ, चारही जागी दाब बाहेरच्या अंगाला. खडूच्या खुणाच या. माप तर घरबसल्या मिळालं. एवढे दिवस नुसत्या नजरेच्या भरवशावर शोधत होतो, त्यांना वाटलं, म्हणून सापडत नव्हती.

त्यांनी टेपेनं मापं घेतली आणि बाजार पालथा घातला. प्रत्येक खुर्ची उलटी करून पायांमधलं अंतर मोजणारा हा म्हातारा पाहून जुन्या सामानाचा दुकानदार म्हणाला, "मास्तर, खुर्चीला विजार शिवताय का?" मास्तर म्हणाले, शिवीन, आधी मापाची तर दाखव. तेव्हा त्यानं पोतड्या-खोक्यांच्या मागून एक खुर्ची ओढली. मास्तरांनी टेप लावली. पुढचं माप जुळलं, मागचं जुळलं, पुढच्या-मागच्या पायांमधलंही जुळलं. टेप न गुंडाळताच त्यांनी पैसे मोजले.

घरी त्यांनी खुर्ची अलगद खाली सोडली. चारही पाय चारही खळग्यांत उतरले, जसं बटण काजात जातं. मास्तरांनी तिथूनच फोन लावला.

ती दुसऱ्याच दिवशी दुपारी आली. रिक्षातून पिशवी काढून जिना चढेपर्यंत मास्तर बोलतच होते, कपाट कुठं मिळालं, दिवा कसा मिळाला, दुकानातली पोर काय म्हणाली. खोली बघून ती काय म्हणते याकडे त्यांचा जीव लागला होता. तिनं कपाटाकडे पाहिलं नाही, दिव्याकडे पाहिलं नाही. सरळ खिडकीशी गेली आणि मागं वळून न बघता खुर्चीत टेकली. हात खुर्चीच्या हातांवर ठेवले, डोळे मिटले.

"हं," ती म्हणाली, "आता बरं वाटलं हो. पाठ फार अवघडली होती."

प्रवासानं, मास्तर म्हणाले, आणि त्यांना इतका आनंद झाला की तिला पाणी द्यायचं सोडून ते स्वतःच घटाघटा प्यायले. संसार पुन्हा मांडला गेला होता. आता ती जाणार नव्हती.

तेवढ्यात दार वाजलं. समोरच्या बिल्डिंगमधली नर्सबाई होती, जिची खिडकी यांच्या खिडकीसमोर येते. ड्यूटीवर निघता निघता ओळख करून घ्यायला आली होती. मास्तरांच्या खांद्यावरून तिनं आत पाहिलं, खुर्चीतल्या बाईला ओळखीचं हसून नमस्कार केला, आणि मग आवाज खाली आणून, मनावरचं ओझं उतरल्यासारखी म्हणाली,

"बरं झालं मास्तर, काकूंना खुर्ची आणलीत. तुम्ही बाजारात गेलात की रोज तिथंच खिडकीशी बसलेल्या दिसायच्या, आणि खाली काहीच नसताना त्या बसल्यात कशावर, तेवढं मला कळत नव्हतं."