सहज लागलेला पंचम

गाणं ही साधना आहे आणि साधनेपुढे जग नमतं. आमच्या कॉलनीच्या गायनमंडळाचे अध्यक्ष मात्र नमत नाहीत. त्यांना कमरेचा त्रास आहे.

वार्षिक कार्यक्रमातल्या शेवटच्या गाण्यात एक ओळ वरच्या पंचमापर्यंत चढते. ती एकट्याने कुणी गायची, याची निवड व्हायची होती. त्या एका ओळीसाठी बायकोने वर्षभर गाण्याच्या बाईंकडे शिकवणी लावली होती. श्वास पोटातून, जबडा सैल, खांदे खाली. "घसा दुखला की समजायचं, चुकलं," असं बाई बजावत. जबडा सैल व्हावा म्हणून ती घरभर जांभया देत फिरायची आणि मी शेजाऱ्यांना सांगायचो, झोप होत नाही हो तिची.

निवडीच्या दिवशी तिचा पंचम असा लागला, जणू कुणी खिडकी उघडली. चेहऱ्यावर एक सुरकुती नाही.

"छान," अध्यक्ष म्हणाले. "आता तो वरचा स्वर घ्या, वहिनी."

"घेतला की!"

"कधी?"

पेटीवाल्याने पट्टी दाबून दाखवली. तिने पुन्हा घेतला. या खेपेला आणखी सहज. तिथेच घात झाला.

"त्यात काही वाटत नाही हो. जरा जीव ओता!" अध्यक्ष म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याची बाटली पुढे केली. नवऱ्याच्या हातात तेवढंच असतं.

मग मंडळाचे हिशेबनीस उठले. त्यांना सगळे भोंगा म्हणतात, तेही स्वतःला तसंच म्हणवतात. मान ताठ, शिरा तट्ट, डोळे बाहेर. स्वर पंचमाच्या अलीकडेच कुठेतरी अडकून मदतीसाठी ओरडत राहिला. दोघातिघांनी डोळे पुसले. निवड झाली.

"मी तोंड वाकडं करायला हवं होतं का रे?" वाटेत बायकोने विचारलं. मी बाटलीचं झाकण घट्ट केलं.

कार्यक्रमाच्या दिवशी भोंग्याचा घसा पार बसला. खुणा करूनच त्यांनी ते सांगितलं.

"मी गाते," बायको म्हणाली.

"छे छे, वहिनी!" अध्यक्ष कळवळले. "एवढ्या धट्ट्याकट्ट्या माणसाची काय गत झाली, बघताय ना? तुम्हाला नाही झेपायचं ते."

पेटीवाला माझ्याकडे बघत राहिला, मी पेटीकडे.

ते गाणं वगळलं. कार्यक्रम लवकर संपला आणि सगळ्यांना कॉलनीकडे परतणारी आधीची बस मिळाली.