कापसाला हळद

"एक ते पाच यातला एक आकडा सांगा, मावशी. मुलीचं ओझं किती वाटतं? एक म्हणजे काहीच नाही, पाच म्हणजे सोसवत नाही इतकं."

लिंबाखालच्या बाजेवर बसून साळूबाई अर्पिताच्या हातातल्या कागदाकडे बघत राहिली.

"पाच लिव्हा, मॅडम," मोटारसायकलला टेकून उभा असलेला सोमेश्वर म्हणाला.

"तू उचलतू का तिला, रं? मंग आकडा तू कसा सांगून राह्यला?"

"माय, तुझ्या माघारी कोण बघंल? मी मिलमधी बारा बारा तास." त्याचा आवाज कठोर नव्हता, थकलेला होता. जालन्यातली एक संस्था त्याच्या बहिणीला, दैवशालाला, कायमची ठेवून घ्यायला तयार होती. फक्त तिला स्वतःचं काही उमजत नाही, असं कुणा जाणकारानं लिहून द्यायला हवं होतं. दैवशालासारख्या माणसांचा आणि त्यांच्या घरांचा अभ्यास करणारी अर्पिता बदनापूरच्या गाडीनं आज आली, तेव्हा सोमेश्वरनं तिलाच गळ घातली होती. दिसेल ते लिहीन, एवढंच ती म्हणाली होती.

आणि दिसलं ते असं. सव्वीस वर्षांच्या दैवशालाला दहापर्यंत मोजता आलं नाही. रंगीत मणी तिनं नीट निवडले, पण लिंबाची सावली बाजेच्या पायापर्यंत सरकली तशी ती अर्ध्यातूनच उठली आणि शेताकडे चालू लागली. अर्पितानं कागदावर खूण केली.

"काय लिवलं?" साळूबाईनं विचारलं.

"एका जागी लक्ष टिकत नाही."

साळूबाई उठली. अर्पिताचा हात धरून म्हणाली, "चला. टिकतंय का न्हाई, दावते."

बांधापलीकडं बियाण्यासाठी लावलेला कापूस कमरेइतका वाढला होता. आदल्या दिवशी संध्याकाळी साळूबाई कळ्या सोलायची. पाकळ्या, केसर सगळं काढून आतला दांडा तेवढा उघडा ठेवायचा आणि शेजारी लाल कागद अडकवायचा. सकाळी दुसऱ्या वाणाचं फूल आणून त्या दांड्यावर घासायचं. ऊन माथ्यावर आलं की वेळ गेली, मग बोंड धरत नाही. म्हणून दैवशाला उठली होती.

आता ती ओढणीच्या झोळीत फुलं घेऊन ओळीतून चालली होती. लाल कागद दिसला की थांबायची, फूल टेकवायची, पुटपुटायची, "झाली नवरी." लहानपणी आकडे शिकेना, तेव्हा मायनं तिला हे गाण्यात घालून दिलं होतं:

हिरवा गं मांडव, लाल कुंकू पानोपानी
हळद लाव शाले, राहू नये गं एक कोणी

जिला कधी कुणी हळद लावली नाही, तिची बोटं दुपारपर्यंत पिवळी होत.

"ह्या ओळीत सुटलेली एक दावा," साळूबाई म्हणाली. "सापडली तं पाच लिवा. मी अंगठा देते."

सोमेश्वर बांधावर येऊन थांबला. अर्पिता खाली वाकली, पानं उचलून बघू लागली. प्रत्येक दांड्याच्या टोकाला पिवळी धूळ होती. ओळ संपत आली तेव्हा एका मोठ्या पानाआड तिला अख्खं उमललेलं फूल दिसलं.

"मावशी, ही राहिली."

साळूबाईचा चेहरा उतरला. सोमेश्वरनं खिशातला संस्थेचा कागद बाहेर काढला.

दैवशाला आली. तिनं फूल निरखलं, पान उलटं करून पाहिलं. "कागद न्हाई," म्हणाली. "नवरी न्हाई ही." आणि फूल खुडून पायाखाली चिरडलं.

साळूबाई मोठ्यानं हसली. "अगं बाई, चूक माझी! काल ही कळी माझ्या हातून सोलायची राह्यली. हे बोंड धरलं असतं तं बियाण्यात भेसळ झाली असती. माझे डोळे चुकले, हिचे न्हाई. खोडा ते, ताई!"

अर्पितानं ती खूण खोडली. दोनदा.

"आन् माझ्या माघारी काय, ते बी लिवा. सकाळी कुणी तरी हिला शेतात सोडावं. सांजंला कुणी तरी कळ्या सोलाव्या. रागं भरू नये. बस. तुमच्या कागदात बसतं का हे?"

"रकाना नाही. मागच्या बाजूला लिहिते." ती थांबली. "आणि ओझ्याचा आकडा?"

"मलाच का इचारता? तिला इचारा. तिला माय किती जड वाटती ते."

अर्पिता गांगरली. आजवर तिनं हा प्रश्न असा कुणालाच विचारला नव्हता. "दैवशाला, तुला आई जड वाटते?"

दैवशालानं डोकं तिरपं करून विचार केला. मग पुढं आली, मायच्या कमरेला दोन्ही हातांनी विळखा घातला आणि तिला जमिनीवरून वीतभर उचललं. क्षणभर तशीच धरली, मग अलगद खाली ठेवली.

"हलकी झाली," ती म्हणाली. "पयले जड व्हती."

सोमेश्वरनं हातातल्या कागदाची घडी केली, पुन्हा केली, आणि मायकडं न बघता म्हणाला, "कळी कोण्या बाजूनं सोलायची, माय?"

"तुला शिफ्ट हाय ना?"

"हाय. आपलं इचारून ठेवतो."

दैवशाला कधीच पुढच्या ओळीत गेली होती. ऊन चढत होतं आणि दोन ओळी राहिल्या होत्या. साळूबाईच्या निळ्या लुगड्यावर, कमरेपाशी, दहा बोटांची हळद उमटली होती. तिनं ती झटकली नाही.