ज्याला विटाळ नाही

रामबागेतल्या त्या घरातली बेबी घटसर्पातून वाचली आणि घराला दुसरी काळजी लागली. बेबी थोरल्या सुनेची, रमाची, मुलगी. धाकटी सून पद्मजा त्याच सुमारास बाळंत होऊन इस्पितळात होती. तिचे पहिले मूल महिन्याचे होण्याआधीच गेले होते. म्हणून रमा भेटीला गेली तेव्हा पद्मजाने स्पष्टच सांगितले, "वहिनी, डॉक्टरांनी हो म्हटलं तरी मी निघणार नाही. घर निर्धोक झालं, पक्कं, असं तुम्ही म्हणाल, तेव्हाच बाळाला घेऊन येईन."

ज्या मुलीमुळे आजार घरात आला, तिच्याच आईवर हा भरवसा! रमा परत आली ती पदर खोचूनच.

बेबीचा घसा आता स्वच्छ असल्याचे डॉक्टर चिंतामणरावांनी तपासून सांगितले होते. प्रश्न घराचा होता. त्यांचा नियम सोपा होता. जे उकळता येईल ते उकळायचे, जे उकळता येणार नाही ते कडक उन्हात टाकायचे आणि ज्याची खात्री नाही ते सरळ जाळायचे. गंधकाच्या धुरीने समाधान मोठे होते, पण केवळ तिच्यावर विसंबू नका, असेही त्यांनी बजावले. तरी रमाच्या नवऱ्याने, रघुवीरने, धुरी द्यायचीच ठरवले. मध्यभारत सरकारच्या बांधकाम खात्यात तो ओव्हरसियर. बेबीच्या खोलीची लांबी, रुंदी, उंची मोजून, गुणाकार करून तो सियागंजाच्या बाजारात गंधक आणायला गेला. तिथला दुकानदार त्याला म्हणाला, "भिया, दिवाली तो निकल गई, अब किसको उड़ाओगे?" घरी येऊन रघुवीरने दारे-खिडक्यांच्या फटींवर खळीने कागद चिकटवले, आत गंधक पेटवला आणि दार लावून घेतले.

खरे नवल मात्र सासूबाईंचे होते. माई कडक सोवळ्याच्या. त्या या कामात आडव्या येतील अशी रमाला धास्ती होती. पण कशाला काय लागले, कोण कुठे टेकले, हे ध्यानात ठेवण्यातच त्यांचा जन्म गेलेला. अंगणात चुलीवर हंडा चढला. बेबीचे कपडे, चादरी, अभ्रे माईंनी काठीने उचलून त्यात सोडले. उकळलेले कपडे त्या वेगळ्या दोरीवर वाळत घालत आणि न उकळलेल्याला हात लागला की तो साबणाने धुतल्याखेरीज पुढचे काम करीत नसत. बेबीच्या चिंध्यांच्या बाहुल्या चुलीत गेल्या तेव्हा बेबीने भोकाड पसरले, तेही त्यांनीच शांत केले. फिनेलच्या वासाने शेजारच्या इंदिराबाई नाक धरून विचारून गेल्या की, घर आहे की दवाखाना. माईंनी त्यांना उंबऱ्याबाहेरच थांबवले.

सगळे आटोपले. रघुवीर टांगा आणायला निघाला. पद्मजाला पक्कं म्हणायचे, म्हणून रमा घरभर शेवटची फेरी मारीत स्वयंपाकघरात आली आणि दांडीकडे पाहून जागच्या जागी थांबली.

दांडीवर माईंची धाबळी, त्यांचे सोवळ्यातले लोकरीचे वस्त्र, होती. लोकरीला विटाळ नाही. म्हणून तापाच्या दिवसांत बेबीचे कपडे उतरवून तिला याच धाबळीत गुंडाळीत. मग सोवळ्यातल्या माई तिला मांडीवर घेऊन पेज भरवीत आणि पुन्हा आंघोळ न करता चुलीशी बसू शकत. पोर त्या लोकरीतच खोकली होती, त्यातच तिची लाळ पुसली गेली होती. मागून धाबळी पुन्हा दांडीवर गेली. थंडी पडल्यापासून माई तीच पांघरून पूजेला बसत होत्या. घरातल्या कोणालाच ती आठवली नाही, कारण ती कधी मळली असे त्या घरात कोणी मानलेच नव्हते.

रमाने नवऱ्याला फाटकातून मागे बोलावले. त्याने सुचवले की, माईंना काही न सांगता हिलाही धुरी देऊ. रमाला ते पटले नाही. पण सांगणार तरी कसे? नातीचा आजार तुमच्या सोवळ्यात बसला आहे, हे सासूला सुनेने म्हणायचे! ती देवघरापाशी गेली आणि खाली मान घालून तिने सारे सांगितले.

माई उठून धाबळीपाशी आल्या. मग त्यांनी मुलाला विचारले, "धुरीनं खात्री होते?"

"डॉक्टर म्हणतात, नाही."

"आणि उकळून?"

"उकळून होते. पण माई, लोकर आहे, आटेल. पुन्हा अंगावर घेता यायची नाही."

"मी आटण्याचं विचारलं नाही. उकळता येते ना?" त्यांनी काठी उचलली. "रमा, हंडा चढव. आणि ऐक, ज्याला विटाळ होत नाही असं आपण म्हणतो, ते सगळं आधी बाहेर काढ. तेच कुणी धूत नाही."

मग त्यांनी स्वतःच एकेक आठवून दिले. पूजेला नेसायचा रेशमी मुकटा, बेबीला खेळायला दिलेली जपमाळ, ती ज्यावर बसायची ते दर्भासन. मुकटा आणि माळ हंड्यात गेली, दर्भासन चुलीत. धाबळी बाहेर आली ती घोंगडीसारखी जाड आणि निम्मी होऊन. माईंनी ती पिळली, झटकली आणि रमाला म्हणाल्या की, उद्यापासून रोज धुतलेल्या सुती लुगड्यातच स्वयंपाक होईल. तेव्हा रात्री वेगळे वाळत घालायला विसरू नकोस. एवढे बोलून त्या हात धुवायला मोरीत गेल्या. रमाला वाटले, त्यांच्या पायांवर डोके ठेवावे. पण हात न धुता त्यांना शिवण्याची छाती तिला झाली नाही.

रमाचा निरोप घेऊन इस्पितळात गेलेला टांगा परतला तेव्हा उन्हे कलली होती. पद्मजा बाळाला छातीशी घट्ट धरून उतरली आणि फाटकातच उभी राहिली.

"वहिनी, पक्कं?"

रमाने फिनेलचे सांगितले नाही, धुरीचेही नाही.

"माईंनी धाबळी उकळली," ती म्हणाली.

पद्मजा फाटकातून आत आली. मग तिने बाळ पुढे केले.