शिट्टीच्या आत

अंतिम सामन्यात शेवटची शिट्टी व्हायच्या आत ‘जिंकलो’ हा शब्द तोंडातून काढायचा नसतो, हे आमच्या आयरिश काउंटीत पाळण्यातल्या पोरालाही कळतं. मला मात्र पन्नाशी उलटल्यावरही कळलं नाही. माझ्या जिभेला हाड नाही असं आई म्हणायची, ते काही उगाच नव्हे.

त्या रविवारी फुटबॉलच्या अंतिम सामन्यात आम्ही डब्लिनच्या एक गुण पुढे होतो आणि सामना संपतच आला होता. बाबांची खाट मी स्वयंपाकघरात टीव्हीसमोर आणून ठेवली होती. आजारानं त्यांचं पार चिपाड झालं होतं, तरी सामना त्यांनी डोळे ताणून पाहिला. आमच्या काउंटीनं शेवटचा कप जिंकला तेव्हा बाबा शाळेत जात होते. त्यानंतर आम्ही किती अंतिम सामने हरलो ते मोजायचं मी सोडून दिलंय, बाबांनी नाही. अगदी शेवटाला त्यांचे डोळे मिटायला लागले. “डेलिया, काय झालं?” त्यांनी विचारलं. मी त्यांचा हात धरला आणि रडत रडत म्हणाले, “जिंकलो, बाबा. जिंकलो.” ते हसले. आई गेल्यापासून तसं हसू मी त्यांच्या तोंडावर पाहिलं नव्हतं. हसतच झोपी गेले.

आणि मग डब्लिनच्या एका पोरानं पार कडेच्या रेषेवरून चेंडू लाथाडला. तो गोलाच्या आडव्या दांडीवरून गेला, आमच्या खेळात त्याचा एक गुण. बरोबरी, आणि लगेच शिट्टी. फेरसामना तेरा दिवसांनी, शनिवारी. मी टीव्ही बंद केला आणि चुलीपुढे तशीच बसून राहिले.

सकाळी सांगू, असं ठरवलं होतं. पण सकाळी बाबा म्हणाले, “आता माझं काही राहिलं नाही. फादरना बोलावून घे.” गोळ्या हातानं बाजूला सारल्या. सूप नको, चहा नको, पाण्याचे दोन-चार घोट तेवढे घ्यायचे. तक्रार कशाचीच नाही, उलट गाडी यायची वाट बघणाऱ्या माणसासारखे मजेत पडून होते. घरी तपासायला येणाऱ्या नर्सबाई, सिस्टर ग्रॅली, मला फाटकापाशी घेऊन गेल्या. म्हणाल्या, आजार त्यांना अजून नेत नाहीये, त्यांनी स्वतःच सोडून दिलंय. असंच चाललं तर हा आठवडासुद्धा निघायचा नाही.

माझा भाऊ डेक्लन ऑस्ट्रेलियात, पर्थच्याही पलीकडे खाणीवर कामाला. त्याला फेरसामन्याच्या आदल्या दिवशी पोचणारं विमान मिळत होतं, त्याआधीचं नाही. बाबांनी त्याला बघून कितीतरी वर्षं झाली होती. तो येईपर्यंत बाबांनी टिकावं, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी त्यांना फक्त खरं सांगायचं होतं. बरोबरी झाली म्हटलं असतं तर हा माणूस हट्टानं फेरसामन्यापर्यंत जगला असता. पण ते हसू पुसायचा धीर मला होईना. मी रोज तोंड उघडायची आणि उशी सारखी करून परत यायची.

मग लपवाछपवी. वर्तमानपत्र बंद केलं, रेडिओचे सेल काढून ठेवले. घराघरांवर लावलेले संघाचे झेंडे आपोआप उपयोगी पडले, कारण फेरसामन्यासाठी ते कुणी उतरवलेच नव्हते. खिडकीतून दिसायचे तेव्हा बाबा समाधानानं मान हलवायचे. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला मी फाटकात गाठून दम भरायची, की आत जिंकलोय म्हणूनच बोलायचं. बिचारे यायचे. फेरसामन्याच्या तिकिटांच्या काळजीनं एकेकाचा जीव टांगणीला लागलेला, क्लबाच्या सोडतीत नाव निघेल की नाही म्हणून झोप उडालेली, आणि आत बसून तोंड पाडून बाबांना म्हणायचे, हो जॉन्सी, मजा आली. मयताला आल्यासारखं अभिनंदन मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. आमचा शेजारी मार्टी रुअन तर टोपी हातात चुरगाळत नुसता दाराकडे बघत बसला. तो गेल्यावर बाबा म्हणाले, “मार्टीला आनंद झेपला नाही.”

फेरसामन्याच्या आठवड्यातल्या मंगळवारी बाबांनी मला जवळ बोलावलं. आवाज एवढा खाली गेला होता की कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागला. “जाळ का नाही पेटवला?”

कप घरी येतो तेव्हा संघाच्या वाटेवरच्या प्रत्येक तिठ्यावर जाळ पेटवतात. आमच्या खिडकीतून तिठा सरळ दिसतो. लहानपणी बघितलेला तो जाळ बाबांनी आम्हाला हजारदा सांगितला होता.

“संघाचा सत्कार लांबलाय,” मी ठोकून दिलं. “आज उद्या पेटवतील.”

“तेवढा बघतो,” बाबा म्हणाले. “मग मी मोकळा.”

मी तशीच मार्टीकडे पळाले. तो गोठ्याशी ट्रॅक्टर धूत होता. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो, त्यामुळे आडपडदा नव्हता. संध्याकाळी तिठ्यावर जुनी टायरं आणि थोडा टर्फ, आमचं ते चुलीतलं वाळल्या मातीचं जळण, टाकून जाळ करायचा, बाबांना दिसेल एवढाच, असं मी त्याला सांगितलं. त्यानं पाण्याचा नळ बंद केला.

“तुझं डोकं फिरलंय का, डेलिया? सामन्याच्या आधी जाळ?”

“एका म्हाताऱ्यासाठी, मार्टी.”

“तुझ्या बाबांसाठी मी काहीही करीन. वेळ आली की त्यांची कबर मीच खणणार आहे, सगळ्यांच्या आधी फावडं घेऊन येईन. पण हे नको सांगूस. शनिवारी हरलो तर लोक माझ्या पोरांच्या पोरांनासुद्धा बोलून दाखवतील, यांच्या आज्यानं नाट लावली म्हणून.”

मी त्याला नाही नाही ते बोलले. भित्रा म्हणाले, कसाई म्हणाले, गेल्या वर्षी त्याची गाय आमच्या कुंपणात घुसली होती तेही काढलं. माझा दम संपल्यावर तो हळूच म्हणाला, “आणि जाळ बघितल्यावर जॉन्सी काय करणार आहेत? तुला माहीत आहे ना?”

बाबांनी मला सरळ शब्दांत सांगितलं होतं आणि मी टायरं शोधत पळाले होते. मी माझ्याच हातानं त्यांना वाटेला लावायला निघाले होते, डेक्लन यायच्या आत.

घरी आले आणि अंगावरचा कोटही न काढता खाटेशी उभी राहिले. “बाबा, जाळ पेटणार नाही. आपण जिंकलो नाही. तुमचा डोळा लागल्यावर त्यांनी बरोबरी केली. शनिवारी परत खेळायचंय.”

बाबा छताकडे बघत राहिले. एवढा वेळ, की मी त्यांच्या छातीवर हात ठेवून पाहिला.

“कुठून मारला?” त्यांनी विचारलं.

“कडेवरून. डाव्या पायानं.”

“आणि तू मला जिंकलो म्हणून सांगितलंस, तेव्हा शिट्टी झाली होती?”

“नाही.”

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी मागच्या दाराशी जाऊन पोटभर रडले. परत आले तर खाटेवरून आवाज आला, “माझ्या गोळ्या कुठे टाकल्यास?” त्या संध्याकाळी त्यांनी उकडलेलं अर्धं अंडं आणि चहात बुडवलेला पाव खाल्ला. सिस्टर ग्रॅलींनी बुधवारी येऊन नाडी बघितली आणि माझा खांदा दाबला.

बाबा टिकले. पण माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. हवं नको ते हातानं दाखवायचे. शुक्रवारी डेक्लन आला, उन्हानं रापलेला, दारातच लहान मुलासारखा हुंदके द्यायला लागला. त्याच्याशी मात्र बाबा दिवसभर बोलत होते, आमचा बचाव कुठे उघडा पडतो ते सांगत होते. मला हवं होतं ते मिळालं होतं, तरी मी खाटेभोवतीच घुटमळत होते. बाबांचा श्वास आता मधेच थांबायचा आणि परत सुरू व्हायचा. आपल्याशी न बोलताच जातील, ही धास्ती मला खात होती.

शनिवारी सामन्याच्या आधी डेक्लन खाली मान घालून माझ्याकडे आला. “डेलिया, ते म्हणतायत, सामना चालू असताना तू घरात नको. टर्फच्या खोलीत थांब.”

“माझी नाट लागते म्हणून?”

मी शाल घेतली आणि गेले.

टर्फच्या खोलीत पत्र्याखाली जळणाच्या ढिगावर बसून राहिले. सगळं गाव सामना बघायला डब्लिनला गेलेलं. मार्टीचा कुत्रा तेवढा एकटा भुंकत होता. घरातून टीव्हीचा आवाज येत होता, शब्द एकही कळत नव्हता. गर्दीचा गलका वाढला की मी उभी राहायची. आपला की त्यांचा? बाबा आहेत की गेले? आत बाप मरतोय आणि मी अपशकुनी मांजरासारखी बाहेर, एका खेळासाठी. राग आला, बाबांचा, मार्टीचा, सगळ्या काउंटीचा. सगळ्यात जास्त माझा.

मागचं दार उघडलं. डेक्लन धावत आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

“संपला?” मी विचारलं.

“नाही. शेवटची मिनिटं. एक गुण पुढे आहोत.” त्यानं माझं मनगट धरलं. “बाबा तुला आत बोलावतायत.”

“मी आले तर...”

“मी तेच म्हणालो. म्हणाले, लागू दे नाट. तिला आण.”

मी खाटेशी गुडघ्यावर बसले. बाबांनी हात पुढे केला, मी धरला. त्यांचे डोळे पडद्यावर होते. “या वेळी,” ते पुटपुटले, “शिट्टी होईपर्यंत बोलायचं नाही. काहीही झालं तरी.”

मी मान हलवली. डब्लिनची पोरं चेंडू घेऊन पुढे येत होती. बाबांचे डोळे मिटायला लागले, त्या रविवारी मिटले होते तसेच. माझ्या हातातली त्यांची बोटं आधी घट्ट झाली, मग हळूहळू सैल पडली. डेक्लन पडद्याकडे बघत होता. त्याला कळलं नव्हतं.

मी ओठ घट्ट मिटून घेतले. शिट्टी अजून झाली नव्हती.