घंगाळाचे दिवे

हेमाने ती गाडी घरी आणली त्या दिवशी तिच्या सासूबाई मुक्ताईंनी गॅलरीतून एकदाच खाली पाहिलं आणि तिचं नाव ठेवून टाकलं, घंगाळ. तांबडी, बुटकी, दोन माणसं कशीबशी मावतील एवढी, आणि डोक्यावर छप्पर नाही. "आंघोळीला बरी आहे," एवढं बोलून त्या गवार मोडायला आत गेल्या. महिन्याभरात अख्खी गल्ली तिला घंगाळ म्हणू लागली.

गाडी मात्र अस्सल स्पोर्ट्स कार होती. विलायतेत बनलेली, वयाने हेमाच्याच बरोबरीची, कॅम्पातल्या एका पारशी गृहस्थांनी लेकरासारखी सांभाळलेली. ते मुलाकडे कायमचे परदेशी निघाले तेव्हा हेमाने ती घेतली, आणि स्वतःच्या कमाईतून घेतली. सदाशिव पेठेत तिचा टायपिंगचा क्लास होता. कॉम्प्युटर येऊ लागल्याबरोबर तिने सगळे टाइपरायटर भंगारवाल्याला वजनावर घातली आणि बँकेचं कर्ज काढून कॉम्प्युटर आणले. तेव्हा पेठेने तिला वेड्यात काढलं होतं. आता त्याच पेठेतली मुलं तिच्या जिन्यात रांग लावत होती, आणि त्यातली दोघं-तिघं अमेरिकेलाही पोचली होती.

"काय हेमाताई, छपराचे पैसे कमी पडले वाटतं?" समोरच्या इमारतीतले दत्तोबा रोज सकाळी विचारत. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून गल्लीवर नजर ठेवणं ही नोकरी त्यांनी बिनपगारी पत्करली होती. हेमा हसून गाडी काढायची. गॅलरीत उभ्या मुक्ताईंचा मात्र तिळपापड व्हायचा. सुनेला नावं ठेवायचा मक्ता आपल्याकडे आहे, परस्पर दुसऱ्याने त्यात हात घालू नये, अशी त्यांची स्वच्छ समजूत होती.

तरीही त्या गाडीत एकदाही बसल्या नव्हत्या. "आई, चला, सारसबागेपर्यंत जाऊन येऊ," असं हेमाने बऱ्याचदा म्हणून पाहिलं. "मी काय बादली आहे, घंगाळात बसायला?" हे उत्तर ठरलेलं. शेवटी हेमाने विचारणं सोडलं. तिने विचारणं सोडलं हे मुक्ताईंना लागलं, पण ते सांगतो कोण?

अशात गाडीवर संकट आलं. जुन्या गाडीची आरटीओत पुन्हा तपासणी करून घ्यायची होती. तिथल्या साहेबांनी ब्रेक पाहिले, स्टिअरिंग पाहिलं, मान हलवली, मग दिवे लावायला सांगितले आणि जरा वेळ भिंतीकडे पाहत राहिले. "बाई, हे हेडलाइट आहेत की निरांजनं?" असं विचारून त्यांनी गाडी परत पाठवली. दिवे सुधारून येत्या गुरुवारी आणा, म्हणाले.

आनंद, म्हणजे मुक्ताईंचा मुलगा, स्वभावाने गरीब. बायकोच्या कुठल्याच उद्योगात तो आडवा आला नव्हता. पण त्या रात्री जेवताना तो म्हणाला, "हेमा, गाडी ठेवायच्या जागेचं भाडं, सुटे भाग, त्यात ही तपासणी. किती दिवस ओढायचं हे?" हेमाने आमटी वाढता वाढता शब्द दिला, "गुरुवारी पास झाली नाही, तर विकून टाकते." स्वारगेटचा एक दलाल आधीच गाडी पाहून गेला होता आणि दर दोन दिवसांनी फोन करत होता. मुक्ताईंनी त्या रात्री दुसरी पोळी घेतली नाही एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून हेमा कामाला लागली. बुधवार पेठेतून तिने हॅलोजनचे बल्ब आणले, दिव्यांच्या नव्या काचा आणि जाड तारा आणल्या, आणि रिले म्हणून काड्यापेटीएवढे दोन डबे आणले. हॉलमध्ये सतरंजीवर फतकल मारून ती तारा जोडत बसली. "आई, जुन्या बारीक तारांतून, बटणातून फिरत फिरत करंट दिव्यापर्यंत येतो, तोवर त्याची ताकद संपते," तिने आपणहून सांगितलं. "आता बॅटरीतून सरळ दिव्याला. बटणाने फक्त हुकूम सोडायचा."

"मला काय करायचंय?" मुक्ताई पेपराआडून म्हणाल्या. संध्याकाळी भजनाच्या बायकांना मात्र त्यांनी करंट कसा दमतो ते आपल्याच शोधासारखं समजावून सांगितलं, आणि राधाबाईंना नीट कळलं नाही तेव्हा पुन्हा एकदा सांगितलं.

मंगळवारी हेमाने दिव्यांच्या आतल्या दोन खोलगट वाट्या काढल्या. बाहेरून पितळ, आतून चांदीचा मुलामा. बल्बचा उजेड ह्या चांदीवर आपटूनच रस्त्यावर पडतो. इतक्या वर्षांत चांदीवर काळपट साय धरली होती. संध्याकाळी कापसाने हलकेच पुसू, असं ठरवून तिने त्या वर्तमानपत्रावर ठेवल्या आणि ती क्लासला गेली.

दुपारी घरात मुक्ताई एकट्या. वाट्यांकडे बघून त्यांचे हात शिवशिवू लागले. आयुष्यभर त्यांनी देवाची उपकरणी अशी घासली होती की लग्नकार्यात शेजारणी आपली समई घेऊन त्यांच्याकडे यायच्या. तोंडाने कौतुक करणं त्यांना कधी जमलं नव्हतं. हाताने करावं, असं त्यांच्या मनात आलं. सुनेने घरी येऊन पाहावं आणि चकित व्हावं! त्यांनी चिंच भिजत घातली, चिमूटभर रांगोळी घेतली आणि पदर खोचून मोरीवर बसल्या.

पहिली वाटी धुतली तेव्हा ती पिवळी दिसली. अजून मळ असेल म्हणून त्यांनी आणखी जोर लावला. दुसरीही तशीच निघाली. दोन्ही वाट्या उन्हात धरल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. निघाला होता तो मळ नव्हता, चांदी होती. खालचं पितळ ओरखड्यांसकट लखलखत होतं. मुक्ताई ओल्या हातांनी तशाच मोरीवर बसून राहिल्या.

हेमा आली तेव्हा वाट्या पुन्हा वर्तमानपत्रावर होत्या.

"मी घासल्या," मुक्ताई म्हणाल्या. "चिंचेने. मला वाटलं, उजळतील."

हेमाने एक वाटी उचलली, खिडकीपाशी नेली, खाली ठेवली. ती चिडेल, आदळआपट करेल, निदान एक टोमणा मारेल, म्हणून मुक्ताई तयारीत होत्या. टोमण्याला उत्तर देता आलं असतं. पण हेमा म्हणाली, "असू द्या आई. तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत?" आणि ती चहा टाकायला आत गेली. चहा झाल्यावर दलालाचा फोन आला. शुक्रवारी सांगते, असं तिने त्याला सांगितलं.

मुक्ताईंना मनापासून रडू आलं. त्यांना ती गाडी आवडत होती! हेमा गल्लीच्या तोंडाशी वळण घ्यायची, पदर खांद्यावरून कमरेला खोचलेला, केस वाऱ्यावर, ते बघायला त्या रोज कपडे वाळत घालायचं निमित्त करून गॅलरीत यायच्या. वाळलेले कपडेसुद्धा त्यांनी पुन्हा झटकून टाकले होते. आणि आता ती गाडी त्यांच्याच हाताने जायची होती.

त्यांनी कपाट उघडलं. अंगावरचं, कपाटातलं सगळं सोनंनाणं सासर-माहेरने दिलेलं. स्वतः मिळवलेली वस्तू एकच होती, चांदीचा एक छोटा पेला. शाळेत असताना मुलींच्या सायकल शर्यतीत त्या पहिल्या आल्या होत्या, त्याचं बक्षीस. पेल्यावर त्यांचं माहेरचं नाव कोरलेलं होतं. पुढच्याच वर्षी लग्न झालं, आणि सासरी सायकल पुरुषांची. तेव्हापासून पेल्यात बटणं आणि सेफ्टी पिना असत. शर्यतीचं त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. मिरवायचं काय त्यात, असं त्या स्वतःला बजावत आल्या होत्या.

बटणं पलंगावर ओतून त्या बाहेर आल्या. "हेमा, वाट्या घे. रविवार पेठेत गेनबाकडे जायचंय. देवळांच्या प्रभावळींना मुलामा देतो तो. दुकान उघडं असेल."

दोघी रिक्षाने दुकानात पोचल्या. गेनबाने वाट्या पाहिल्या, मुक्ताईंकडे पाहिलं, आणि कुणी घासल्या हे शहाण्यासारखं विचारलं नाही. उद्या संध्याकाळपर्यंत देतो, म्हणाला. "मुलाम्याच्या पाण्यात चांदीचा पत्रा टांगला, की त्याची चांदी वाट्यांवर चढते. पत्रा आहे माझ्याकडं."

"तुझी नको," मुक्ताई म्हणाल्या. "ही लाव." त्यांनी पेला पुढे केला.

हेमाने पेला आधी आपल्या हातात घेतला. कोरलेली अक्षरं तिने दुकानाच्या उजेडात वाचली. "आई, सायकल शर्यत? प्रथम क्रमांक? तुम्ही?"

"मी नाही तर काय दत्तोबा?"

"हा नका देऊ, आई. ऐका माझं. कुठलंही दुसरं भांडं देऊ."

"दुसरं माझं नाहीये," मुक्ताई म्हणाल्या. "हे माझं आहे. आणि गाडी तुझी आहे. लाव रे गेनबा."

बुधवारी संध्याकाळी वाट्या आल्या. आत बघितलं तर आपला चेहरा दिसावा इतक्या लख्ख. पेलाही परत आला, पण मुलाम्याच्या पाण्यात झिजून पातळ झालेला. वरचं नाव बोटाने चाचपलं तरच कळत होतं. हेमा पेल्याकडे पाहत राहिली. मुक्ताईंनी तो काढून घेतला, त्यात बटणं भरली आणि म्हणाल्या, "बस बघत आता. तारा कोण जोडणार?"

अंधार पडता पडता हेमाने गल्लीत गाडी उभी केली आणि बटण दाबलं. समोरच्या इमारतीची अख्खी भिंत उजळली. वर्षानुवर्षांचे पानाचे डाग, भिंतीवरची पाल, वाळत घातलेला दत्तोबांचा बनियन, सगळं लख्ख दिसलं. दत्तोबा डोळ्यांवर हात धरून बाहेर आले. "अहो, लग्न आहे की काय कुणाचं?" हेमाने दिव्यांचा झोत खाली केला. गॅलरीत मुक्ताईंच्या ओठांवर उत्तर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. अजून गुरुवार जायचा होता.

गुरुवारी दुपारी हेमाने गाडी काढली, तर दाराशी मुक्ताई उभ्या. नऊवारी ठेवणीतली, हातात पिशवी. "सरक, मला बसू दे," त्या म्हणाल्या आणि आत बसून त्यांनी पदर घट्ट धरला. लकडी पुलावर वारा लागला तेव्हा मात्र त्यांनी पदर सोडून दिला. हेमाने तिरप्या डोळ्यांनी पाहिलं. सासूबाई पुढे झुकून बसल्या होत्या, हात गुडघ्यांवर, जणू पायाखाली पॅडलं होती.

आरटीओतल्या साहेबांनी गाडी शेडमध्ये भिंतीसमोर घेतली. दिवे लावले. खाली-वर करून पाहिले. पुन्हा पाहिले. "हे निराळे बसवलेत?"

"दिवे तेच आहेत," हेमा म्हणाली. "काम नवं केलंय."

"चांगलं केलंय. पण काचेवर काळा ठिपका कुठे आहे? प्रत्येक हेडलाइटच्या मधोमध पाहिजे. नियम आहे." त्यांनी पेन टोपणात घातलं.

हेमाचा चेहरा पडला. काचा नव्या आणल्या होत्या, ठिपका राहून गेला होता. रंग आणायला बाहेर जाऊन येईपर्यंत खिडकी बंद झाली असती. तेवढ्यात मुक्ताई गाडीतून उतरल्या. पिशवीतून काजळाची डबी काढली, बोट बुडवलं आणि दोन्ही काचांवर मधोमध चांगला रुपयाएवढा ठिपका लावला. नातवंडांना लावत तशीच तीट. "मी लावणारच होते," त्या म्हणाल्या. "दृष्ट लागण्यासारखी गाडी आहे."

साहेबांना हसू आवरेना. "आजी, उद्या रंगाने काढून घ्या बरं. कुणाची ही गाडी? मुलाची?"

"माझ्या सुनेची!" मुक्ताई म्हणाल्या, आणि शेडमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या. "तिने स्वतः कमवून घेतलीय. दिवेही तिनेच जोडलेत, एकही मेकॅनिक लागला नाही. अशी सून सबंध पेठेत नाही."

हेमाने लग्नाच्या वीस वर्षांत असलं वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ती कागदावरच्या 'पास'च्या शिक्क्याकडे बघत उभी राहिली, कारण वर पाहिलं असतं तर डोळे दिसले असते.

परत निघाल्या तेव्हा ऊन चांगलं रणरणत होतं. पेठेच्या तोंडाशी सिग्नलला गाडी थांबली.

"हेमा, दिवे लाव."

"आई, भर दुपार आहे. लोक हसतील."

"हसू देत," मुक्ताई म्हणाल्या आणि त्यांनी पदर सारखा केला. "मोठे लाव. आणि दत्तोबांच्या दारावरून जरा हळू घे."