मामा वर शे

खोलीत वास सुटला तेव्हा मला आधी माझ्याच कामाचा संशय आला. बाजारातून साड्यांचे गठ्ठे येतात, त्यांना टिकल्या चिकटवायच्या, ही माझी रोजची हमाली. त्या चिकटवायच्या पाण्याला वास असतो आणि उन्हाळ्यात पत्रा तापला की तो डोक्यात जातो. म्हणून मी डबा बाहेर ओट्यावर ठेवला, साड्याही बाहेर नेल्या. वास आतच राहिला. दुसऱ्या दिवशी वाढला.

मग मोरी घासली. पिंपाखालची फरशी उचलून पाहिली. फिनेल ओतलं, उदबत्त्या लावल्या. फिनेल, उदबत्ती आणि तो वास असं तिघांचं मिळून जे काही झालं, त्यात जेवण घशाखाली उतरेना. गोडूस, जड, जिभेवर बसणारा वास. आणि सगळ्यात जास्त कुठे येतो, तर सासूबाईंच्या खाटेजवळ.

आता नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण घेतल्याशिवाय ही गोष्ट सांगता यायची नाही. माझे मिस्टर बन्सीलाल, पॉवरलूमच्या कारखान्यात कामाला. आठवडा दिवसपाळी, आठवडा रातपाळी. त्यांची आई सरस्वतीबाई, म्हणजे माझ्या सासूबाई; मी त्यांना आत्याबाई म्हणते. संक्रांतीच्या सुमाराला त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. बोलायला गेल्या की एखाददुसरा शब्द बाहेर पडायचा, बाकीचे आतच अडकायचे. त्यांना पुसणं, फिरवणं, भरवणं, खालचं काढणं, सगळं माझ्याकडे. मी तक्रार करत नाही, पण थकले होते हे खरं. असा थकवा, की उभ्या उभ्या झोप लागावी.

बन्सीलाल रातपाळीहून आले, दारातच थांबले आणि त्यांनी नाकावर हात धरला.

"मायनी गोधडी धुई का?" त्यांनी विचारलं.

"धुई! कालदिन धुई, परवदिन बी धुई!" मी म्हणाले. घरात आम्ही बहुतेक अहिराणीच बोलतो. माझा जन्म इथल्याच पांडेसऱ्यातला, शाळा गुजरातीत झाली, पण चिडले की माझ्या तोंडी अहिराणीच येते.

त्यांनी ताट उचललं आणि उंबऱ्यावर बसून जेवले. तेव्हापासून ते उंबऱ्यावरच बसायला लागले. आईची चौकशी करायची ती तिथूनच, मान लांब करून. मला बाई, इतका राग यायचा! मी तर त्या खाटेला नाक लावून होते. पण राग काढायलाही अंगात जोर लागतो.

शेजारच्या प्रमिलाबाई अकोल्याकडच्या. आमच्या दोघींच्या खोल्यांमध्ये एकच भिंत, तीही पत्र्यापर्यंत न पोचलेली, वर हातभर मोकळी. त्या पदर नाकाला लावून दारात आल्या, खाटेकडे बघितलं आणि मान हलवली.

"म्हातारीचं काही खरं नाही आता. माह्या सासूच्या वेळेस असाच वास सुटला होता. माणूस जायच्या आधी आतून सुटतेच."

गल्लीत हे पसरायला वेळ लागला नाही. लोकही बरे होते त्या काळात, हळहळायचे. त्याला कारण होतं. प्लेगचं साल होऊन दोनच वर्षं झाली होती. त्या वेळी सगळी गल्ली तोंडाला फडकी बांधून गावी पळायला उधना स्टेशनला धावली होती, डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. तेव्हापासून घरात मेल्या प्राण्याचा वास आला तरी त्या प्राण्याचं नाव कोणी काढत नव्हतं. नाव काढलं की म्युनिसिपालटीचे लोक येणार, पावडर मारणार, आणि तुमच्या दारावरून जायला माणसं कचरणार. त्यापेक्षा म्हातारी मरते आहे हे सगळ्यांना सोयीचं होतं. म्हातारीसाठी कोणाला गाडी पकडावी लागत नाही.

डॉक्टरांना आणलं. त्यांनी रुमाल लावून आत्याबाईंना कुशीवर केलं, पाठ पाहिली, कंबर पाहिली. "जखम नाही," म्हणाले. "स्वच्छता ठेवा." मला म्हणाले! ते गेल्यावर मीही पुन्हा सगळं अंग तपासलं, बोटांची बेचकीसुद्धा. त्या डोळे मिटून पडून होत्या. त्यांच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी आलं, ते मी पुसलं आणि पुढचा पाय उचलला. मला तेव्हा कळायला हवं होतं की त्यांनाही सगळं ऐकू येतं. लकवा कानाला झाला नव्हता.

आणि मग त्या बोलल्या.

दुपारची वेळ, बन्सीलाल उंबऱ्यावर चहा पीत होते. आत्याबाईंनी डावा हात उचलला, बोट सरळ वर केलं आणि मोठ्या कष्टाने म्हणाल्या, "मामा... वर शे." मामा वर आहे.

बन्सीलालनी बशी खाली ठेवली. त्यांचे मामा, म्हणजे आत्याबाईंचा धाकटा भाऊ, विहिरीचं काम करताना गेले होते. फार जीव होता बहीणभावाचा.

"हा माय," ते उंबऱ्यावरूनच म्हणाले. "मामा वर शे. देवना घर शे."

आत्याबाईंनी मान जोरात हलवली. "मामा... मरी गया."

"मामाले जाईसन कितलाक वरीस व्हयनात, माय." ते म्हणाले.

मला तर आणखीच वेगळं वाटलं. आमच्यात सासऱ्याला मामा म्हणतात. माझे सासरे लग्नाआधीच वारले होते, मी त्यांचा फोटोच पाहिलेला. मला वाटलं, नवरा दिसतो आहे यांना. न्यायला आलाय. एकाच शब्दात नवऱ्याला त्याचा मामा दिसला आणि मला माझा सासरा, आणि दोघंही मेलेले, दोघंही वर. आम्ही एकमेकांकडे बघितलं. त्यापुढे शंकेला जागाच राहिली नाही.

नंतर आत्याबाई दिवसभर तेच म्हणायच्या. मामा, वर, बोट. कधी चिडून म्हणायच्या, कधी रडून. मी म्हणायचे, "हो आत्याबाई, जाणारच आहोत सगळे." एकदा त्यांनी चांगल्या हाताने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी फुटली. मी हात सोडवून घेतला. साड्यांचा माणूस दारात उभा होता, म्हणत होता, या मालाला वास येतोय, व्यापारी परत करेल.

मग त्या पाणी घेईनाशा झाल्या. चमचा ओठाला लावला की तोंड फिरवायच्या. प्रमिलाबाई म्हणाल्या, हेही लक्षणच. मला आज कळतं ते कशासाठी होतं. पाणी प्यायलं नाही की गोधडी ओली होत नाही, आणि गोधडी ओली झाली नाही की घरातला वास कमी होईल, असं त्यांना वाटलं असणार. आपलंच अंग नासतंय असं त्यांनीही धरलं होतं. एकीकडे वर बोट दाखवायचं आणि दुसरीकडे आम्हा सगळ्यांच्या तोंडाकडे बघून स्वतःवरच संशय घ्यायचा.

बन्सीलालनी गावी निरोप धाडला. दोंडाईच्याजवळ आमचं गाव. आईचा जीव गावच्या मातीत जावा, इथे परक्या मुलखात नको, असं ते म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं. पण वास गावी जावा असंही त्यात होतं, आणि तेही खोटं नव्हतं.

न्यायला आल्या शोभाबाई, माझ्या मोठ्या नणंद. शरीराने आडव्या, आवाजाने त्याहून आडव्या. चपला काढायच्या आधीच म्हणाल्या, "अय बाई, काय वास शे!" आणि तोंडाला पदर न लावता सरळ खाटेवर, आईच्या उशाशी जाऊन बसल्या. आईचं डोकं मांडीवर घेतलं. मी पाणी द्यायला वळले तेवढ्यात आत्याबाईंनी बोट वर केलं.

"मामा... वर... मरी गया."

बन्सीलालनी उंबऱ्यावरून डोळे पुसले. शोभाबाईंनी मात्र मान वर केली. खाटेच्या बरोबर वर आमचा फळ्यांचा माळा आहे. त्यावर कारखान्यातून आणलेल्या सुताच्या चिंध्यांचं पोतं होतं, गादी भरायची म्हणून ठेवलेलं. शोभाबाईंनी माळ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अरे येडास्वन! मामा म्हंजे उंदर! आमनी माय कवय उंदरनं नाव लेस का? नाव लिधं का तो लुगडा कतरस, म्हनीसन मामाच म्हनस! बन्सी, तू तं मायपाशीच वाढना ना रे, तू बी भुली गया?"

बन्सीलाल उभे राहिले. नाव घेतलं की उंदीर लुगडं कुरतडतो, म्हणून आत्याबाई त्याला मामाच म्हणत. माझ्या माहेरी उंदराला उंदीरच म्हणायचे, मला कुठून कळणार? पण ते या बाईच्या पोटचे. लहानपणी रोज ऐकलेला शब्द. दोन वर्षं सगळी गल्ली ते नाव टाळत होती, आणि आमच्या घरात एकच बाई होती जिला ते टाळायची रीत लहानपणापासून ठाऊक होती. आणि तिच्या टाळण्यामुळेच तिचं म्हणणं कोणाला कळलं नाही.

शोभाबाई तशाच स्टुलावर चढायला निघाल्या. मी त्यांना मागे ओढलं.

"हात लावू नका! पिसवा असतात त्याच्यावर." प्लेगनंतर म्युनिसिपालटीच्या बायका घरोघर येऊन सांगून गेल्या होत्या: मेलेल्या उंदराचं अंग गार पडलं की पिसवा गरम अंग शोधतात. झाडूने कोरडं ओढायचं नाही, धूळ नाकात जाते. आधी भिजवायचं, मग उचलायचं.

आधी आत्याबाईंना खाटेसकट ओट्यावर नेलं. दार-खिडकी उघडली. मी तोंडाला ओढणी बांधली, दोन्ही हातांत प्लॅस्टिकच्या पिशव्या घातल्या, माळ्यावर कडक फिनेलचं पाणी शिंपडलं आणि थांबले. मग पोतं जरा सरकवलं. तिथेच होता, पोत्याच्या मागे, भिंतीच्या मोकळ्या जागेशी. फुगून फुटलेला. फळीवर डाग पसरला होता आणि चिंध्यांमध्ये अळ्या वळवळत होत्या. त्याला पिशवीत घातला, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, तोंड बांधलं. चिंध्यांचं पोतं सगळंच्या सगळं काढलं. बन्सीलालनी गल्लीमागच्या मैदानाच्या टोकाला खोल खड्डा घेतला आणि चुन्यासकट पुरलं. फळ्या मी ब्लीचिंग पावडरने दोनदा घासल्या. तरी लाकडात मुरलेला वास लगेच जात नाही. फळ्या काढून उन्हात टाकल्या तेव्हा कुठे खोलीत श्वास घेता आला.

प्रमिलाबाई ओट्यावर उभ्या राहून बघत होत्या. शेवटी हळूच म्हणाल्या, "आम्ही विषाच्या वड्या ठेवल्या होत्या माळ्यावर. तिकडे आला असन मरायला." वास म्हातारीचा आहे, हे या बाईने मला सांगितलं होतं. भांडायचं होतं, फार भांडायचं होतं, पण हातावरची ब्लीचिंग चुरचुरत होती, म्हणून मोरीकडे वळले.

हातपाय साबणाने धुऊन, साडी बदलून मी ओट्यावर आले. आत्याबाई सावलीत पडून होत्या. शोभाबाईंनी त्यांना पाणी पाजलं होतं, चांगलं पेलाभर. वारा होता. वास नव्हता. त्यांच्या अंगाला जो वास होता तो तेलाचा आणि धुतलेल्या गोधडीचा, कोणत्याही म्हाताऱ्या माणसाला असतो तसा.

बन्सीलाल खाटेच्या पायथ्याशी उभे होते. हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "माय, तुना मामानी तं आम्हले येडा करी टाकं."

आत्याबाई हसल्या नाहीत.

शोभाबाईंनी पदराचं टोक खोचलं. गाडीची वेळ होत आली होती. "तं मंग?" त्यांनी भावाला विचारलं. "माय तं चांगली शे. लई जाऊ का ऱ्हाऊ देऊ?"

सरळ प्रश्न होता, न्यायचं की राहू द्यायचं. बन्सीलालनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. माझ्या मनात काय होतं ते सांगते: उद्या सकाळी उठल्यावर कोणाला उचलायचं नाही, एवढंच. एक सकाळ. दोन सकाळी. मी वाईट बाई नाही. मी "ऱ्हाऊ द्या" म्हणणारच होते, शब्द ओठावर होता. तेही म्हणणार होते, मला ठाऊक आहे. पण आम्ही आधी एकमेकांकडे बघितलं, आणि आत्याबाई आमच्याकडे बघत होत्या.

त्यांनी डावा हात उचलून शोभाबाईंचा हात धरला.

"लई जा," त्या म्हणाल्या. लकवा झाल्यापासून इतका स्वच्छ शब्द त्यांच्या तोंडून आला नव्हता.

आम्ही दोघं तेव्हा एकदमच "ऱ्हाऊ द्या" म्हणालो.