चिमटेबाबा आणि चार सेल

धोंडुबाईच्या अंगणात त्या गुरुवारी सकाळी मुंगी शिरायला जागा नव्हती. देव आला होता, आणि तो टेपमध्ये आला होता. कडेगावच्या आसपास एवढे डोंगर, डोंगरांवर एवढी देवळं, झाडांखाली शेंदूर फासलेले एवढे दगड असताना देवाला सेलवर चालणाऱ्या जपानी डब्यातच मुक्काम का करावासा वाटला, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. माणसं हात जोडून उभी होती आणि डबा बोलत होता. आवाज घोगरा, जाडाभरडा, एकेक अक्षर मैलभर ताणणारा.

"ऐऽऽका होऽऽ भाऽऽविक जऽऽन..."

"म्हसोबाचाच आवाज ह्यो," शेजारची बनुबाई गालांवर थपडा मारून घेत म्हणाली. म्हसोबाला बोलताना तिनं याआधी कधी ऐकलं होतं, ते तीच जाणे.

धोंडुबाई खाटेवर बसली होती. तिला गर्दी दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. डावा डोळा दोन वर्षांपूर्वी एका वैदूच्या लेपानं कायमचा गेला होता आणि उजव्यात मोतीबिंदू पिकला होता. मिरजेच्या डॉक्टरांनी येत्या सोमवारची तारीख दिली होती. आता ऑपरेशन केलं तर दिसेल, लांबवलं तर शाश्वती नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. धोंडुबाईला ऑपरेशनची भीती वाटत होती, पण उरलेलं आयुष्य अंधारात काढायची भीती त्याहून मोठी होती.

टेप आणला होता तिच्या धाकट्या लेकानं, नानासोनं. तो फौजेत होता. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी रजेवर येताना त्यानं कुणाकडून तरी हा फॉरेनचा टेप मिळवला आणि आईपुढे ठेवला. आईला पोथी ऐकायचं वेड. मग गावातल्या शाळेच्या शमशादबाईंनी रोज शाळा सुटल्यावर घरी बसून अख्खी पोथी वाचली आणि सहा कॅसेटी भरून दिल्या. बाईंचा आवाज खणखणीत. मध्येच त्यांच्या परड्यातला कोंबडा आरवायचा, आणि पान संपलं की बाई म्हणायच्या, "पान उलटते हं, आजी." धोंडुबाईला पोथीइतकंच ते वाक्य आवडायचं.

महिनाभर झकास चाललं. मग एका सकाळी बाईंच्या जागी हा रेडा बोलू लागला. बनुबाईनं बोंब ठोकली आणि टेकावरच्या देवळात उतरलेल्या चिमटेबाबाला बोलावणं गेलं. बाबानं टेप, झोळी आणि स्वतःला असं सगळंच एका लाल कापडाखाली झाकून घेतलं, पाव तास चिमटा खणखणवला आणि कापड काढलं. आत बाईंचा खणखणीत आवाज. गावानं लोटांगण घातलं. आठवड्यानं देव परत आला, बाबानं परत शांत केला. आज तिसरी खेप होती.

"माई," कापडातून घामाघूम होऊन बाहेर आलेला बाबा म्हणाला, "यंत्र बोलत नाही, यंत्रातलं तत्त्व बोलतं! ब्रह्मांडाच्या लहरी लोहचुंबकात अडकल्या की देवाला कंठ फुटतो. आज देव काय म्हणाला, ऐकलंस? 'पान उलटतो.' तुझ्या नशिबाचं पान! देव कोपलाय. डोळ्याला सुरी लागता कामा नये. सात अमावास्या माझा अंगारा डोळ्यात घालायचा. सुरी लागली, तर घरातला कर्ता माणूस गेलाच म्हणून समज."

कर्ता माणूस म्हणजे थोरला कृष्णात. तो जागच्या जागी पांढराफटक पडला. "आये, मिरंजंला न्हाई जायाचं," तो म्हणाला. त्यानं तो विषय संपवूनच टाकला. बाबा एक कोंबडी आणि गुळाची ढेप घेऊन टेकावर गेला. देव डब्यात राहत असला तरी जेवायला बाबाकडेच असायचा.

दुपारी घर निवांत झाल्यावर धोंडुबाईनं कृष्णातला जवळ बोलावलं.

"किती येळा आला रं ह्यो देव?"

"तीनदा."

"तिन्ही बारीला गुरुवारीच. आन बुदवारी रातच्याला तू कुटं असतूस?"

"उसात. आपली पान्याची पाळी बुदवारची. मोटरीला लाईट रातचीच असती, म्हाईत हाय न्हवं तुला?"

"मग टेपाला हात लावला हुतास?"

कृष्णातनं डोकं खाजवलं. "टेपाला न्हाई. नुसतं सेल घेतलं. हातातल्या बॅटरीचं सेल बसलं हुतं, उसात पायाखालचं दिसंना. म्हनून टेपातलं बॅटरीत घातलं आन बॅटरीतलं टेपात. रिकामा कसा ठिवायचा?"

"आन ही तू आज सांगतूस व्हय?"

"नानासोला कळलं तर शिव्या घालील. आन आये, बॅटरी उजेडाची, टेप आवाजाचा. त्यांचा काय संबंद?"

या एका प्रश्नावर चिमटेबाबाची तीन आठवड्यांची चूल पेटत होती.

धोंडुबाईला संबंध कळला. तिला आणखी एक गोष्ट आठवली. बाबाचा चिमटा जोरात वाजत असताना मध्येच कापडाखालून 'टुक्' असा बारीक आवाज येई. नानासोनं सेल घालायला टेपचं झाकण उघडलं होतं तेव्हा अगदी तसाच आवाज आला होता. डोळसांनी चिमटा पाहिला होता, आंधळीनं झाकण ऐकलं होतं.

"साळूबाईनं पत्र्यावर जुनं सेल वाळत घातल्यात न्हवं?" तिनं विचारलं. तिची ही सून मेलेले सेल पापडांशेजारी उन्हात टाकायची, म्हणजे त्यांत थोडी धुगधुगी येते. "त्यातलं चार आन. आन माझी चंची दे."

चंचीतला चुना बोटावर घेऊन तिनं चारही सेलांच्या अंगावर एकेक टिपका दिला आणि सुकल्यावर अंगठ्यानं चाचपून पाहिला. मग ते सेल टेपात गेले. शनिवारी तिन्हीसांजेला देव चौथ्यांदा प्रकटला.

गर्दी जमली. या वेळी धोंडुबाईनं शमशादबाईंनाही बोलावून घेतलं होतं. कापड पडलं, चिमटा वाजला, मंत्र झाले, कापड निघालं आणि टेप खणखणीत बोलू लागला. बनुबाई जमिनीवर आडवी झाली.

"महाराज," धोंडुबाई म्हणाली, "टेकावर जाताना अंदार पडंल. तुमच्या झोळीत बॅटरी असंल न्हवं? जरा लावून दावा की."

"देवकार्यात कृत्रिम प्रकाश वर्ज्य आहे, माई."

"कृष्णात, काड रं."

कृष्णातनं झोळीतून लांबलचक बॅटरी काढली आणि खटका दाबला.

"बनुबाई, मला दिसत न्हाई. कशी जळतीया?"

"आगं... विडीच्या टोकावानी. नुसती तांबूस."

"आता तिच्यातलं सेल काड आन बग."

चार सेल बाहेर आले. चौघांच्या अंगावर चुन्याचा टिपका होता. धोंडुबाईनं काय केलं होतं ते कृष्णातनंच सगळ्यांना सांगितलं, सांगताना त्याचे कान लाल झाले. मग टेपचं झाकण उघडलं. टुक्. आत चार कोरे करकरीत सेल, चुन्याचं नाव नाही. ते बॅटरीत घातले तर समोरची भिंत लख्ख उजळली. टिपक्याचे टेपात घातले आणि देव हजर झाला, "पाऽऽन उऽऽलटतेऽऽ हंऽऽ आऽऽजी" म्हणत. त्याच्या मागोमाग कोंबडाही आरवला, म्हशीसारखा हंबरत.

शमशादबाई हसू दाबत पुढे आल्या. "आवाज माझाच आहे, आणि कोंबडाही माझाच. सेलात जोर नसला की आतली फिरकी हळू फिरते, फीत हळू सरकते आणि आवाज जाड होऊन लांबतो. दळताना हात थकला की जातं हळू फिरतं ना, तसंच. यात देव नाही आणि भूतही नाही."

बाबा अजून हरला नव्हता. "देवानंच सेल बदलले! ही त्याची लीला!"

"आवं, देवाला बदलायचंच हुतं तर माजा डोळा बदलायचा," धोंडुबाई म्हणाली. "सेल तर माजा कृष्णात बी बदलतूय."

अंगणात पहिल्यांदा हशा पिकला आणि बाबाचा चिमटा गप्प झाला. बाबानं निदान आपले चार नवे सेल तरी द्या, अशी विनंती केली. कृष्णातनं त्याला टिपक्याचे दिले. त्या विडीएवढ्या उजेडात ठेचकाळत बाबा टेकावर गेला आणि सकाळी तिथं नव्हता. पुढं कळलं की बाबा होण्याआधी तो कराडला एका मंडपवाल्याकडे लाउडस्पीकरच्या कर्ण्यांची आणि टेपची कामं करायचा. ब्रह्मांडाच्या लहरी तिथल्याच.

सोमवारी कृष्णातनं आईला मिरजेला नेलं. ऑपरेशनच्या खोलीबाहेर तो चार तास उभा होता आणि बाबाचं बोलणं आठवून सारखा स्वतःची नाडी चाचपत होता. पण कर्त्या माणसाला काही झालं नाही. पुढं पट्टी निघाली, जाड भिंगाचा चष्मा आला. धोंडुबाईनं सगळ्यात आधी लेकाचं तोंड पाहिलं आणि ती रडली. डॉक्टरांनी रडू नका म्हटलं, तरी रडली.

ती घरी आली त्याच आठवड्यात बनुबाई धावत आली. "आक्का, नातीचा ताप चार दिस झालं उतरंना. कुनीतरी करनी केलीया. पलूसला एक देवरुशी हाय म्हनं..."

धोंडुबाईनं चष्म्यातून तिच्याकडे नीट पाहिलं. एवढ्या वर्षांची शेजारीण, पण भीतीनं तिचं तोंड असं सुरकुततं, हे तिला कधी दिसलंच नव्हतं.

"टेप बिगाडला तवा आपन आदी काय बगायला पायजे हुतं?"

"...सेल."

"मग पोरीचं बी आदी तेच. कडेगावच्या दवाखान्यात ने, काय बिगाडलंय ते डागदर बगंल. कोन बी लाल कापड टाकाय लागला तर त्याला म्हन, कापड काडून कर. ज्याला झाकल्याबिगर जमत न्हाई त्याला आपली पोर द्यायाची न्हाई. माजा एक डोळा असाच गेला, बनुबाई. चल ऊट, मी बी येती संगं. आता मला वाट दिसती."